आधी मोजा, मग वाटा: सेलेनियमयुक्त स्पिरुलिनाच्या निर्णयाबाबत खुले पत्र

प्रति,
जिल्ह्याच्या पोषण आणि महिला उपजीविका योजनांचे निर्णय घेणारे सन्माननीय अधिकारी व समिती सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

येत्या जूनपासून किनारपट्टीच्या तालुक्यांतील अंगणवाड्यांत मुलांच्या खिचडीत रोज एक चमचा सेलेनियमयुक्त स्पिरुलिना पूड (सेलेनियम हा सूक्ष्म पोषक घटक मुरवलेल्या, खाण्याच्या शेवाळाची पूड) मिसळावी, गरोदर आणि स्तनदा मातांना तीच पूड घरपोच द्यावी आणि ही पूड गावोगावच्या महिला बचत गटांनी आपल्या टाक्यांत तयार करावी, असा निर्णय आम्हाला बैठकीत वाचून दाखवण्यात आला. त्या बैठकीत प्रश्न विचारायला वेळ ठेवलेला नव्हता. नंतर दिलेल्या लेखी अर्जांची पोच मिळाली, उत्तर मात्र आजतागायत आलेले नाही. निर्णय सार्वजनिक आहे आणि त्याचा परिणाम ज्यांच्या ताटावर होणार आहे त्यांनाही त्यातले कच्चे दुवे कळले पाहिजेत, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावात राहते. नोकरीची सारी वर्षे मी एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर गावातल्या महिला बचत गटाची सचिव झाले. आमचा गट बऱ्याच वर्षांपासून साधी स्पिरुलिना करतो. ताडपत्रीचे अस्तर लावलेल्या उथळ टाक्या, पावसासाठी वर प्लास्टिकचे छप्पर, पाण्यात खायचा सोडा, मीठ आणि थोडी खते, दिवसभर अधूनमधून ढवळणे, मग कापडातून गाळून आणि पिळून निघालेला हिरवा गोळा सोऱ्यातून शेवेसारखा पाडून जाळीवर वाळवणे, हे काम आमच्या बायकांच्या हातात आता बसले आहे आणि त्यातून त्यांच्या घरखर्चाला खरोखर हातभार लागतो. माझा नातू गावच्याच अंगणवाडीत जातो. तेव्हा या योजनेत पूड तयार करणारीही मी आहे आणि ती खाणाऱ्याची आजीही मीच आहे.

माझा विरोध स्पिरुलिनाला नाही आणि सेलेनियमलाही नाही. आपण ज्याला सोयीने शेवाळ म्हणतो ती स्पिरुलिना म्हणजे आर्थ्रोस्पायरा नावाचा नील-हरित जीवाणू. आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठचे कानेम्बू लोक ती पिढ्यानपिढ्या वाळवून खात आले आहेत. भारतात मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने आणि चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने तिच्यावर काम केले आणि खेड्यातल्या बायकाही ती वाढवू शकतात हे दाखवून दिले. वाळलेल्या पुडीत निम्म्याहून अधिक वजन प्रथिनांचे असते. सेलेनियमचेही तसेच. 1817 मध्ये बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे मूलद्रव्य शोधले, पण पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे त्याची ओळख प्रामुख्याने विष अशीच राहिली. 1957 मध्ये क्लाउस श्वार्ट्‌झ यांनी उंदरांवरील प्रयोगांतून ते शरीराला आवश्यकही आहे असे दाखवले. पेशींना ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवणाऱ्या ग्लुटाथायोन परॉक्सिडेज या विकरात सेलेनियम असते हे 1973 मध्ये कळले. चीनच्या केशान परगण्यात मुलांचे आणि तरुण स्त्रियांचे हृदय निकामी करणारा जो आजार होता, तो सेलेनियमच्या गोळ्या दिल्यावर लक्षणीय कमी झाला. त्याच चीनमध्ये, हूबेई प्रांतातील एन्शी भागात, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला सेलेनियम अति झाल्याने माणसांचे केस आणि नखे गळून पडली. एकाच देशात ही दोन्ही टोके दिसली.

वाढत्या स्पिरुलिनाच्या पाण्यात सोडियम सेलेनाइट हे क्षार अगदी अल्प प्रमाणात घातले, तर तिच्या पेशी ते शोषून घेतात आणि त्यातला बराच भाग सेलेनोमिथिओनिनसारख्या, प्रथिनांत गुंफलेल्या सेंद्रिय रूपात बदलतात. ही कल्पना मुळात चांगली आहे, यात मला शंका नाही. अडचण आहे ती मापाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये ठरवलेली प्रौढ माणसाची रोजची गरज 40 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका ग्रॅमचा पंचवीस हजारावा भाग. अमेरिकेत प्रौढांसाठी सर्व अन्न मिळून रोजची कमाल मर्यादा 400 मायक्रोग्रॅम धरतात, युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2023 मध्ये ती 255 वर आणली. मुलांची मर्यादा याहून पुष्कळ खाली आहे: अमेरिकी कोष्टकात एक ते तीन वर्षांच्या मुलाला 90 आणि चार ते आठ वर्षांच्या मुलाला 150 मायक्रोग्रॅम. सेलेनियमच्या बाबतीत गरज आणि अति यांच्यातली वाट अरुंद आहे. या वाटेवर मुलांना न मोजता उतरवणे मला मान्य नाही, आणि पुढील सर्व तक्रारी याच एका मुद्द्यातून निघाल्या आहेत.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की आमच्या भागात सेलेनियम कमी पडते का, हे कोणीही तपासलेले नाही. योजनेच्या टिपणात "कोकणच्या जांभ्या मातीत सेलेनियमची उपलब्धता कमी असल्याने" एवढे एक वाक्य आहे आणि त्यावर सगळा डोलारा उभा आहे. जांभ्या मातीतील लोहाची ऑक्साइडे सेलेनाइट घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे भातात ते कमी उतरत असावे, हा तर्क चुकीचा नाही. पण किनाऱ्यावरचा माणूस नुसता भात खात नाही. बांगडा, तारली, कोळंबी, कालवे, तिसऱ्या आणि पावसाळी बंदीच्या काळात सुकट, सुका जवळा, सुके बोंबील हे आमचे रोजचे जेवण आहे, आणि समुद्री अन्न हा सेलेनियमच्या उत्तम स्रोतांपैकी एक आहे. बांगड्याची आमटी आणि भात जेवणाऱ्या घरातल्या मुलाला सेलेनियमची पूड कशासाठी हवी, हे टिपणात कुठेही आलेले नाही. शिवाय रेशनवर गहूही येतो. पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातील काही जमिनींत सेलेनियम इतके आहे की तिथल्या चाऱ्याने जनावरांना बाधा होत आली आहे. आमच्या वाट्याचा गहू कुठल्या जमिनीतला, हे आम्हाला ठाऊक नाही आणि बहुधा आपल्यालाही नसेल.

याउलट प्रत्येक घरात मासे शिजतात असेही नाही. सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, वाड्यांत, शाकाहारी घरांत आणि मासळीचा दर परवडत नाही अशा मजुरांच्या घरांत चित्र वेगळे असू शकते, आणि तिथे एखाद्या मुलाला सेलेनियमची खरोखर गरज असेलही. मग खाडीकाठ आणि सडा यांना एकच चमचा कसा? बैठकीत एका सदस्यांनी आयोडीनयुक्त मिठाचे उदाहरण दिले. ते उदाहरण योजनेच्या बाजूचे नसून विरुद्ध बाजूचे आहे. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला, त्याआधी डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून कांगडा खोऱ्यात गावांचे भाग पाडून, काहींना आयोडीनयुक्त आणि काहींना साधे मीठ देऊन, फरक पाहिला होता. आजही मिठात आयोडीन किती असावे हे ठरलेले आहे: विक्रीच्या ठिकाणी किमान 15 भाग प्रतिदशलक्ष. सेलेनियमचेच उदाहरण हवे असेल तर फिनलंडचे घ्यावे. तिथे 1984 पासून खतांत सेलेनियम घालतात, पण धान्य, दूध, मांस आणि माणसांचे रक्त यांची मोजणी कायम चालू ठेवली आहे, आणि 1990 च्या सुमारास प्रमाण जास्त होते आहे असे दिसताच धान्याच्या खतातले सेलेनियम किलोला 16 मिलिग्रॅमवरून 6 वर आणले. आणखी एक गोष्ट. तत्कालीन झाइरमध्ये (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात) आयोडीन आणि सेलेनियम दोन्ही कमी असलेल्या मुलांना नुसते सेलेनियम दिल्यावर त्यांच्या थायरॉइडची स्थिती आणखी बिघडली, असे 1991 मध्ये नोंदवले गेले. एक घटक एकटा उचलून देणे निर्धोक असतेच असे नाही.

दुसरी तक्रार पाकिटाची. पाकिटावर ठळक अक्षरांत "सेलेनियमयुक्त" असे छापले आहे, पण एका ग्रॅम पुडीत सेलेनियम किती, याचा आकडा पाकिटावर कुठेही नाही. आमच्या चाचणी मालाचा तपासणी अहवाल मी मागून घेतला. त्यात प्रथिने आहेत, ओलावा आहे, राख आहे, जिवाणूंची मोजणी आहे, सेलेनियमचा रकानाच नाही. ज्या घटकाच्या नावाने पूड वाटायची, तोच तेवढा मोजायचा राहिला आहे. मी घरच्या काट्यावर चमचा तोलून पाहिला. सपाट भरला तर तीन ग्रॅमच्या आसपास पूड बसते, शीग लावून भरला तर जवळजवळ दुप्पट. समजा एका ग्रॅममध्ये 10 मायक्रोग्रॅम सेलेनियम असेल, तर सपाट चमच्यातून मुलाला 30 मायक्रोग्रॅम मिळतील आणि काही बिघडणार नाही. ते 100 असेल तर त्याच चमच्यातून 300 जातील, म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या कमाल मर्यादेच्या दुप्पट, रोज, आणि तेही त्याच्या इतर जेवणातले सेलेनियम न धरता. पाण्यात किती सेलेनाइट घातले, किती दिवसांनी माल काढला आणि ऊन किती होते यांवर हा आकडा टाकीगणिक बदलतो. दोन्ही पुड्या रंगाला हिरव्या आणि वासाला सारख्याच असतात. 2008 मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरक आहारात उत्पादनातल्या चुकीमुळे लेबलवर छापलेल्याच्या दोनशे पट सेलेनियम गेले आणि 201 जणांना विषबाधा झाली. तिथे निदान लेबलवर आकडा तरी होता, म्हणून चूक सिद्ध करता आली.

तिसऱ्या तक्रारीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण ती आमच्या शेडमधली आहे आणि कार्यालयातून दिसणारी नाही. पुरवठादाराच्या माणसाने सोडियम सेलेनाइट आम्हाला साध्या प्लास्टिकच्या पिशवीत आणून दिले. पांढरी, बारीक, वास नसलेली पूड. ज्या फळीवर ती ठेवायला सांगितली, तिच्याखालीच खायच्या सोड्याची पोती असतात. स्पिरुलिनाच्या प्रचलित कृतीत खायचा सोडा लिटरला 16.8 ग्रॅम लागतो, म्हणजे हजार लिटरच्या टाकीला जवळजवळ सतरा किलो, आणि आमच्या बायका तो घमेल्याने ओततात. शेजारच्या पिशवीतली पूड दिसायला अगदी तशीच आहे, पण तिचे काही ग्रॅम पोटात गेले तर माणूस दगावू शकतो. पिशवीवर ना धोक्याचे चिन्ह, ना उत्पादकाचे नाव, ना घटकाचे प्रमाण. हे प्रमाण का महत्त्वाचे तेही सांगते. सोडियम सेलेनाइट निर्जल असेल तर त्याच्या वजनात सुमारे 45.7 टक्के सेलेनियम असते, पाण्याचे पाच रेणू धरून ठेवणाऱ्या स्फटिकांच्या रूपात असेल तर सुमारे 30 टक्के. म्हणजे तेवढीच पूड तोलली तरी सेलेनियममध्ये दीडपटीचा फरक पडतो. मी विचारले तेव्हा त्या माणसाने "दोन्ही एकच असतं हो ताई" असे उत्तर दिले. निर्जल क्षाराच्या फक्त एका ग्रॅममध्ये एका प्रौढ माणसाची सुमारे 31 वर्षांची गरज भागेल इतके सेलेनियम असते. सोबत दिलेल्या पत्रकात टाकीत घालण्याचे माप "दोन लहान चमचे" असे छापले आहे. आमच्या शेडमधला काटा एका ग्रॅमच्या खाली दाखवत नाही. हातमोजे आणि मास्क यांचा पत्रकात उल्लेखही नाही. प्रयोगशाळेत अशा रसायनांची बाटली मी स्वतः कपाटात कुलूप लावून ठेवत असे आणि विद्यार्थ्यांना ती हाताळू देत नसे. इथे ती पिशवी अशा बायकांच्या हाती देण्यात आली की ज्यांची लहान मुले त्याच शेडमध्ये खेळतात.

चाचणीच्या एका टाकीत चार-पाच दिवसांत हिरव्या रंगाला लालसर-तपकिरी झाक आली. सेलेनाइट जास्त झाले की पेशी त्याचे रूपांतर मूलद्रव्य रूपातल्या सेलेनियममध्ये करतात आणि ते लाल दिसते, म्हणून मी तो माल बाजूला ठेवावा असे सुचवले. "ऊन जास्त लागलं असेल" असे म्हणून तो माल वाळवून नेण्यात आला. झाक उन्हाने आली की सेलेनियमने, हे प्रयोगशाळेतल्या तपासणीने कळले असते, ती झाली नाही. तो माल पुढे कुठे गेला, हे मला सांगितले गेलेले नाही आणि ते कळण्याचा आमच्या गटाला हक्क आहे.

याला जोडूनच पाण्याचा प्रश्न येतो. गाळलेल्या गोळ्याला टाकीचे पाणी चिकटलेले असते आणि त्या पाण्यात पेशींनी न शोषलेले सेलेनाइट असते. ते काढायचे तर गोळा गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुवावा लागतो. साध्या स्पिरुलिनात धुण्यात थोडी कसर राहिली तर पूड खारट लागते, एवढेच. इथे कसर राहिली तर क्षार थेट पुडीत जातो. पावसाळ्यात धो धो पाऊस पडणाऱ्या आमच्या गावात एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहावी लागते, आणि स्पिरुलिनाचा भर हंगाम नेमका तोच असतो. हंडाभर पाणी पिण्याला ठेवायचे की गोळा धुवायला वापरायचे, या प्रश्नाचे उत्तर कोणतीही बाई काय देईल हे सांगायला नको. आणि टाकीतले उरलेले पाणी कुठे सोडायचे? पत्रकात "शेतीला किंवा ओहोळाला" असे लिहिले आहे. आमचा ओहोळ खाडीला मिळतो. खाडीत बायका ओहोटीला तिसऱ्या आणि कालवे काढतात, आणि सेलेनियम पाण्यात विरून संपत नाही, ते सूक्ष्म वनस्पतींपासून शिंपल्यांत, माशांत आणि पक्ष्यांत साठत जाते. कॅलिफोर्नियातील केस्टरसन जलाशयात शेतीच्या निचऱ्याबरोबर आलेल्या सेलेनियममुळे 1983 मध्ये पाणपक्ष्यांची विकृत पिल्ले आढळली होती. आमच्या चार टाक्यांचे पाणी आणि तो जलाशय यांत फरक आहे हे मला समजते. परंतु हीच योजना किनाऱ्यावरच्या प्रत्येक गटाला लागू होणार आहे, आणि निचऱ्याचा विचार आत्ता केला नाही तर तो नंतर करून उपयोग नाही.

योजनेच्या प्रचारपत्रकात ही पूड "कर्करोगापासून संरक्षण देते" असे म्हटले आहे. हे वाक्य काढून टाकावे. याच आशेने अमेरिकेत 2001 मध्ये पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांवर मोठी चाचणी सुरू झाली, त्यात रोज 200 मायक्रोग्रॅम सेलेनियम दिले गेले, आणि 2008 मध्ये फायदा दिसत नाही म्हणून ती थांबवण्यात आली. ज्यांच्या शरीरात आधीच पुरेसे सेलेनियम होते त्यांच्यात पूरक सेलेनियमने प्रोस्टेटच्या आक्रमक कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला, असे 2014 च्या विश्लेषणात आले. त्याआधीच्या एका चाचणीत सेलेनियम घेणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण अधिक दिसले होते. मासे खाणाऱ्या किनाऱ्यासाठी यातला "आधीच पुरेसे" हा भाग लक्षात घेण्याजोगा आहे.

अंगणवाडी सेविकांना जास्त सेलेनियमची लक्षणे सांगितलेली नाहीत. श्वासाला लसणासारखा वास, ठिसूळ नखे, केस गळणे, जुलाब, थकवा ही ती लक्षणे. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव भागात शेकडो माणसांचे केस अचानक गळाले, तेव्हा सुरुवातीला पाण्यापासून साबणापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीतून रेशनच्या गव्हातील जास्त सेलेनियम हे कारण मांडले. विंचूदंशावरील कामामुळे महाडच्या डॉ. बावस्करांना सारे कोकण ओळखते. आपल्याच राज्यात एवढ्या अलीकडे हे घडलेले असताना, आपल्याच एका योजनेत सेलेनियम हा शब्द आला की सर्वांत आधी मोजणीचा प्रश्न विचारला जाईल, अशी माझी अपेक्षा होती.

आता मागण्या. सेलेनियमयुक्त पुडीचे अंगणवाड्यांतील आणि मातांसाठीचे वाटप जूनमध्ये सुरू करू नये. द्यायचेच असेल तर साधी स्पिरुलिना तपासून द्यावी, किंवा त्याहून सोपे म्हणजे अंडे द्यावे: एका अंड्यात साधारण 15 मायक्रोग्रॅम सेलेनियम असते, अमेरिकी कोष्टकाप्रमाणे चार ते आठ वर्षांच्या मुलाची रोजची गरज 30 आहे, आणि अंडे शीग लावून भरता येत नाही. जी घरे अंडे खात नाहीत त्यांच्यासाठी वेगळा विचार करावा लागेल, तो पुढच्या मोजणीवर ठरावा. ही मोजणी खाडीकाठची गावे, सड्यावरच्या वाड्या आणि शाकाहारी घरे अशी वेगवेगळी करावी, त्यात लोकांच्या जेवणाचे, रेशनच्या धान्याचे आणि पालकांच्या संमतीने थोड्या जणांच्या रक्ताचे नमुने असावेत. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे. माशांचे आणि धान्याचे नमुने गोळा करण्यासाठी त्यांची मदत मागावी आणि निष्कर्ष राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तज्ज्ञांना दाखवावेत. मोजणीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावेत.

मोजणीतून एखाद्या भागात कमतरता दिसली, तर पूड जरूर द्यावी, पण सेलेनाइट घालण्याचे काम गावच्या शेडमध्ये होऊ नये. प्रशिक्षित तंत्रज्ञ, मिलिग्रॅम दाखवणारा तराजू आणि निचऱ्याची सोय असलेल्या एकाच ठिकाणी सेलेनियमयुक्त माल तयार करावा आणि गटांनी केलेल्या साध्या पुडीत तो ठरलेल्या प्रमाणात मिसळून, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रत्येक खेपेचे सेलेनियम मोजून, मगच पाकिटे भरावीत. त्याने गटांचे काम जात नाही, विषारी रसायन तेवढे आमच्या हातातून जाते. पाकिटावर एका ग्रॅममधले मायक्रोग्रॅम छापलेले असावेत, आणि मुलांसाठी चमच्याऐवजी एका वेळची मोजलेली पुडी असावी. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 मध्ये झाला आणि पूरक व विशेष गुणधर्मी अन्नासाठी 2016 मध्ये स्वतंत्र नियमही आले. ही पूड त्या नियमांच्या कोणत्या प्रकारात बसवली आहे आणि परवाना कोणाच्या नावावर आहे, हे लेखी कळवावे. उद्या काही झाले तर गटाच्या बायकांना उत्पादक म्हणून पुढे केले जाईल, ही भीती अनेकींनी माझ्याजवळ बोलून दाखवली आहे आणि ती अनाठायी नाही.

ज्या गटांनी या कामास नकार दिला आहे, त्यांची साध्या स्पिरुलिनाची मागणी किंवा थकलेली देयके अडवू नयेत. असे घडल्याचे मी म्हणत नाही, पण बैठकीत तसा सूर निघाला होता. लालसर झाक आलेल्या मालाचा ठावठिकाणा कळवावा आणि त्यातला काही भाग शिल्लक असेल तर तो सेलेनियमसाठी तपासावा. सर्व गटांना वाटलेले सोडियम सेलेनाइट नोंद करून परत घ्यावे. आमच्याकडची पिशवी मी तोलून, वर तारीख आणि "विष" असे लिहून कुलपात ठेवली आहे. ती नेण्यासाठी पुरवठादाराचा माणूस न पाठवता आपल्या कार्यालयातील जबाबदार व्यक्ती पाठवावी आणि मला वजनासह पोच द्यावी.

या पत्राचे उत्तर मे महिना संपण्यापूर्वी लेखी मिळावे, आणि वाटपाचा पुढचा निर्णय घेण्याआधी गटांच्या प्रतिनिधी, अंगणवाडी सेविका आणि पालक यांची एक बैठक बोलवावी, ज्यात प्रश्नांना वेळ असेल. ती मंगळवारी ठेवू नये. त्या दिवशी आमच्याकडे आठवडा बाजार असतो आणि निम्म्या बायका मासळी घेऊन तिथे बसलेल्या असतात.

आपली विश्वासू,
एका महिला बचत गटाची सचिव आणि अंगणवाडीतील एका मुलाची आजी,
रत्नागिरी जिल्हा